शहापुरातलं पोथ्यांचं दुकान: माल चोख, सल्ला फुकट

बेळगावात कपिलेश्वराचा उड्डाणपूल उतरून शहापुरात शिरलात की कुणालाही ‘पोथीवाले’ म्हणून विचारा, बोट करून दाखवतील. दुकानाचं नाव मी लिहीत नाही. मालकांनीच सांगितलं, “लिवा की अक्का, पण नाव नको. उगं कोणतरी भांडायला यील.” पाटीचा वरचा मोठा भाग कानडीत आहे. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्यानं ६० टक्के कानडी सक्तीचं झाल्यापासून सगळ्यांच्याच पाट्या तशा झाल्यात. खाली बारीक मराठीत ‘पोथ्या, धार्मिक पुस्तके. बायंडिंग करून मिळेल’. मी गेले ते त्या शेवटच्या ओळीसाठी.

वडगावात माझं ब्लाऊज शिवायचं आणि फॉल-पिकोचं काम आहे. घरात सासऱ्यांची गुरुचरित्राची पोथी. ते गेल्यावर सासूबाईंनी ती वाचायला घेतली, पण पाठीचा दोरा सुटलेला, पहिले दोन फर्मे (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचे गठ्ठे) हातात येत होते, आणि मोतीबिंदू काढल्यावरही त्यांना ओळ सापडेना इतकं अक्षर बारीक. तेव्हा कामं दोन होती. जुनी बांधून घ्यायची आणि मोठ्या टायपातली नवी घ्यायची.

दुकान म्हणजे एक लांबट बोळ. डावीकडे मराठी: ज्ञानेश्वरी, गाथा, दासबोध, नवनाथ, शिवलीलामृत. उजवीकडे कानडी: वचनं, दासांची पदं. मागच्या बाजूला जैनांचे श्रावकाचार, म्हणजे गृहस्थांच्या आचाराचे ग्रंथ, आणि सगळ्यात खाली जुन्या पुस्तकांची फळी. एकट्या गुरुचरित्राच्याच पाच-सहा तऱ्हा निघाल्या. सुट्या पानांची, बांधीव, खिशातली, गद्य कथासार, कानडी भाषांतर. अण्णा (मी मालकांना अण्णाच म्हणते) कापडाचे ताके उलगडावेत तशा सगळ्या समोर टाकतात आणि उजेडात नेऊन बघू देतात. घाई करत नाहीत, खुर्ची देतात. पैकीच्या पैकी गुण यालाच.

मी निवडली ती बांधीव प्रत साडेतीनशेच्या आसपास पडली. टाइप ठळक, ओव्यांमधे जागा सोडलेली, ओवीचे आकडे वेगळे दिसतात. कागद मात्र पातळ. मागची अक्षरं पुढे दिसतात आणि म्हाताऱ्या डोळ्यांना त्याचाच त्रास जास्त. दुसरी खोट मला घरी आल्यावर कळली. ४१ व्या अध्यायात श्रीगुरूंचा, म्हणजे नृसिंह सरस्वतींचा, शिष्य सायंदेव याच्या तोंडी कानडी पदं आहेत, ‘कंडेनिंदु’ म्हणून सुरू होणारी. नव्या प्रतीत त्यातले शब्द कुठेही तोडलेत. मराठी घरांतून ती पदं नाहीतरी मंत्र पुटपुटल्यासारखी उरकतात, त्यामुळे छापणाऱ्याला कुणी विचारलं नसावं. जुनी पोथी बरोबर आहे. पुढच्या खेपेला अण्णांना दाखवलं तर त्यांनी चष्मा लावून ती पदं चालीत म्हटली. त्यांच्या घरात कानडी, गल्ल्यावर मराठी. मग म्हणाले, ग्रंथ लिहिणारा सरस्वती गंगाधर आपल्याला मराठी येत नाही असं सुरुवातीलाच सांगतो, आणि श्रीगुरू राहिले ते गाणगापूर तर कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात. सीमाभागात राहून हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आता सल्ल्याकडे येते, कारण या दुकानात तो मालापेक्षा जास्त मिळतो.

पोथी कागदात गुंडाळता गुंडाळता अण्णा विचारतात, “वाचणार कोण?” मी म्हटलं, सासूबाई. त्यांचे हात थांबले. “मग सांगणं माझं काम. बायकांनी ही पोथी वाचू नये म्हणतात. दत्तसंप्रदायातल्या टेंबे स्वामींनी नको म्हटलंय. घेणार असाल तर देतो की. सांगितल्यावर पाप माझं न्हवं.” आणि लगेच दुसरी पोथी पुढे सरकवली, सप्तशती गुरुचरित्र, टेंबे स्वामींनीच रचलेली, बायकांना चालते म्हणून. यात विकायचा हेतू किती आणि काळजी किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं. पण ही सूचना सगळ्यांना मिळते. माझ्यासमोर एका कॉलेजच्या पोरीलाही दिली आणि “बरं” म्हणून ती मूळ ग्रंथच घेऊन गेली.

माझं उत्तर तयार होतं, कारण आमच्या घरात हा वाद आधीच होऊन गेलाय. धाकटे दीर पुण्याला असतात, त्यांचा फोन आला होता: आईनं गुरुचरित्र वाचणं म्हणजे दोष, ३५ वा अध्याय बघा. बघितला. त्यात सावित्री श्रीगुरूंकडे मंत्र मागते. श्रीगुरू सांगतात, स्त्रियांना मंत्र देऊ नये, आणि कच-देवयानीची गोष्ट लावतात, शुक्राचार्यांची संजीवनी कशी गेली ती. मग तिला सोमवारचं व्रत देतात. मंत्र द्यायला नको, एवढं तिथे आहे. पोथी वाचायला नको हे मला त्या अध्यायात कुठे दिसलं नाही, तो अर्थ मागाहून लावलेला आहे. आणि बायकांना दूर ठेवायचं तर हा ग्रंथ चालायचा कसा? नवरा जिवंत करून घेणारी बाई यातच, साठीला मूल झालेली गंगा ३९ व्यात. घराघरांतल्या बाया १४ वा आणि १८ वा रोज म्हणतात, त्याला कुणी दोष म्हणत नाही. मग मधले अध्याय आले की पाप कुठून लागतं?

दिरांना ३५ वा पाठ, पण पान उलटून ३६ व्यात जात नाहीत. तिथे परान्नाचा दोष सांगितलाय. दुसऱ्याच्या घरी जेवायचा हट्ट धरलेल्या बाईला पंगतीत कुत्री-डुकरं जेवताना दिसतात. दिरांचं जेवण गेली कित्येक वर्षं मेसच्या डब्यावर. तो दोष “आता काळ बदलला” म्हणून सुटला. आईनं वाचायचा दोष तेवढा बदलायचा राहिला.

हे मी अण्णांना सांगितलं, तर ते खो-खो हसले आणि २८ वा अध्याय काढून पुढे ठेवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २७ व्यात श्रीगुरू गर्विष्ठ ब्राह्मणांसमोर एका पतिताला रेघा ओलांडायला लावतात आणि त्याच्या तोंडून वेद बोलवतात. २८ व्यात तो विचारतो, मी असा जन्माला का आलो? तिथून कर्मविपाकाची लांब यादी सुरू होते. काय केलं की कुठला जन्म, कुठला रोग. त्यामागून प्रायश्चित्तं, कृच्छ्र, चांद्रायण वगैरे. अण्णांच्या दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा अध्याय हाच. लोक येऊन विचारतात, अमकं केलं तर काय होतं, कुठे लिहिलंय? अण्णांचं म्हणणं असं: “एवढी वर्षं बसलोय इथं. स्वतःचं पाप हुडकायला कोण आलं न्हाई. सगळी भावकीचं हुडकायलेत.”

दुकानात बसून मी हेच बघत होते. बायंडरकडून जुनी पोथी यायला उशीर होता, खुर्ची होती, चहा आला.

एक रायबागकडचे जैन गृहस्थ रत्नकरंड श्रावकाचाराची मराठी प्रत घ्यायला आलेले. शेजारी कॅम्पातल्या एक मावशी, त्यांच्या पिशवीत एकादशीसाठी घेतलेली रताळी. बेळगावच्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात, त्यात नवल काही नाही. पण त्या गृहस्थांनी पाय जरा बाजूला घेतला. कंदमूळ, त्यात अनंत जीव, आमच्यात खात नाहीत. मावशींचा तर त्या दिवशी भात पाप आणि रताळं पुण्य. भांडण झालं नाही, दोघंही सभ्य. मीच विचारलं, दादा, ऊस करता ना? नांगराखाली किती जीव जातात? त्यांना राग आला नाही. हा प्रश्न त्यांना नवा नसावा. म्हणाले, हिंसा चार तऱ्हेची: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. मारायचं म्हणून मारलं ती संकल्पी, ती श्रावकानं पूर्ण सोडायची. चूल, शेत, स्वतःचं रक्षण यात होते ती गृहस्थाला पूर्ण सुटत नाही, जपून कमी करायची. मुनींना तीही नाही. एकच पाप, आणि माणूस कुठे उभा आहे त्याप्रमाणे त्याचं माप वेगळं. मला हा हिशेब प्रामाणिक वाटला. कुणाचं पोट कशावर चालतं ते धरून केलेला.

तेवढ्यात एक माळकरी काका, आत येता येता ऐकलेलं, म्हणाले, “कशाला एवढं? तुकोबांनी सांगितलंय, पुण्य परउपकार, पाप ते परपीडा. झालं.” सगळ्यांनी माना हलवल्या. जैन गृहस्थ म्हणाले, “पर म्हणजे कोण कोण धरायचे? मुंगी धरायची का?” काका थांबले. मग म्हणाले, “मुंगी धरली तर मग सगळंच आलं की.” यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. अण्णांनी पंखा वाढवला.

कानडी फळीपाशी एक लिंगायत अक्का वचनं चाळत होत्या. त्यांच्याशी मी कानडीत बोलले. बसवण्णांचं एक वचन तर शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं: चोरू नको, मारू नको, खोटं बोलू नको, रागावू नको, दुसऱ्याचा तिटकारा करू नको, स्वतःची स्तुती करू नको, समोरच्याला हिणवू नको. सातच. हीच आतली शुद्धी, हीच बाहेरची. त्या म्हणाल्या, यात एकादशी कुठे आहे, रताळं कुठे आहे? खरंच नाही. पण मला एक खटकलं ते त्यांनाही सांगितलं. या सातांतली पहिली तीन मोडली तर दुसऱ्याला दिसतं. ‘स्वतःची स्तुती’ मोडली तर कोण पकडणार? त्या म्हणाल्या, “म्हणूनच ती अवघड.” सगळ्यात लहान यादी त्यांची, आणि त्यातूनच सुटका सगळ्यात कमी.

खालच्या जुन्या फळीवर ख्रिस्ती लोकांच्या दहा आज्ञांच्या दोन मराठी पुस्तिका शेजारी शेजारी सापडल्या, दोन वेगळ्या चर्चच्या. आकडे जुळेनात. कॅथलिक मोजणीत मूर्तीची आज्ञा पहिलीतच धरतात आणि शेवटी लोभाच्या दोन करतात. प्रोटेस्टंट बहुतेक मूर्तीची आज्ञा वेगळी मोजतात. त्यामुळे एकाची सहावी आज्ञा मोडली म्हणजे व्यभिचार, दुसऱ्याची सहावी मोडली म्हणजे खून. ‘मी सहावी मोडली’ असं कुणी सांगितलं तर आधी चर्च विचारावं लागेल. पुस्तिका दहा-दहा रुपयांना होत्या, दोन्ही घेतल्या.

माझ्या धंद्यातलंही एक सांगते. ब्लाऊजपिसातून उरलेला तुकडा कुणाचा? माझी आई चिंधीसुद्धा बांधून परत द्यायची. आमच्याच गल्लीतले काही कारागीर तो शिलाईतच धरतात, आणि गिऱ्हाईकही मागत नाही. पोथीत चोरी लिहिली आहे, कपड्याचा आकार लिहिलेला नाही. हे अण्णांना विचारलं तर त्यांनी २८ वा न उघडता सांगितलं, “गिऱ्हाईकासमोर कापता का मागनं? समोर कापत असाल तर तुमचं.” हे कुठल्या अध्यायात आहे विचारलं, तर म्हणाले, गल्ल्यावरचा अध्याय.

आता बायंडिंग. हे काम दुकानामागच्या बोळात एक चाचा करतात. पोथी हातात घ्यायच्या आधी त्यांनी हात धुतले. मी सांगितलं नव्हतं. पाठ तपासली आणि विचारलं, “सरस चालेल का खळ?” मला वाटलं मजबुतीचं विचारताहेत. तसं नव्हतं. सरस हाडा-कातड्यापासून करतात. तो पोथीला लावला तर काही घरांत चालत नाही, म्हणून ते आधीच विचारून घेतात. खळ पिठाची, तिला कुणाची हरकत नाही. पण खळीत मोरचूद (तांब्याचं निळं विषारी मीठ) घातलं नाही तर कसर लागते, आणि घातलं तर कसर मरते. एका जैन गिऱ्हाइकानं ‘मोरचूदही नको’ म्हटल्यापासून चाचांनी तसल्या कामाला पांढरा फेव्हिकॉल ठेवलाय. दरात फरक थोडा. मी मोरचुदाची खळ सांगितली. कसरीची हिंसा माझ्या खाती धरा.

शिलाईबद्दल मी अधिकारानं बोलू शकते. जुजबंदी केली आहे, म्हणजे एकेक फर्मा मधोमध शिवून पुढच्याला बांधलेला. वरून तारा मारून चिकटवलेलं नाही. दोऱ्याला मेण ओढलेलं, टाके एकसारखे, गाठी आत. पाठीला तांबडं जाड कापड, कोपरे घडीचे नीट मुडपलेले. चौरंगावर उघडी ठेवली की पान आपणहून मिटत नाही, पारायण करणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं? मजुरी अडीचशे. खोट एकच: कडा कापताना जरा जास्त आत गेले, शेवटच्या काही पानांवर ओवीचे आकडे अर्धे उडाले. आधी सांगून ठेवा की कडा कापू नका, नुसत्या घासा.

फाटक्या पोथीचं काय करायचं यावर पुढच्या गल्ल्याचं आणि मागच्या बोळाचं मत वेगळं. अण्णा म्हणतात, जीर्ण पोथी घरात ठेवणं दोष, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत सोडून या. चाचा म्हणतात, दुरुस्त होणारी वस्तू पाण्यात टाकणं हेच वाईट. त्यांच्यात कुराणाची जुनी पानं स्वच्छ कापडात गुंडाळून, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी पुरतात, पण तेसुद्धा अक्षर वाचता येईनासं झाल्यावरच. पोथीच्या कातरणीतले अक्षर असलेले तुकडे त्यांनी मला पुडीत बांधून परत दिले. वाडीच्या घाटावर कृष्णेत प्लास्टिकच्या पिशवीसकट सोडलेल्या पोथ्या मी बघितल्यात, त्यामुळे माझं मत चाचांच्या बाजूला. गंमत म्हणजे अण्णा स्वतःच गिऱ्हाईक चाचांकडे पाठवतात.

चाचांना मराठी लिपी वाचता येते, आणि गुरुचरित्र त्यांच्या हातून इतक्यांदा गेलंय की ९ व्या अध्यायातला रजक (धोबी) ५० व्यात बिदरचा बादशहा होऊन येतो हे त्यांनीच मला आठवण करून दिलं. “त्यात एक आमचा पण हाय,” म्हणाले आणि सुई ओवली.

एक गोंधळ मात्र दुकानानं सोडवायला हवा. पोथीत सात दिवसांच्या पारायणाचा तक्ता छापलेला असतो, आणि अण्णा वर एक सुटा कागद देतात. दोन्ही जुळत नाहीत. एकात पहिल्या दिवशी ९ अध्याय, दुसऱ्यात ७. सासूबाईंनी विचारलं, चुकीच्या तक्त्यानं वाचलं तर दोष कुणाला? फोन केला तर उत्तर मिळालं, “जी पोथी, तिचा तक्ता. कागद टाकून द्या.” मग देता कशाला, अण्णा? त्या सुट्या कागदावर डाव्या कुशीवर झोपा, एकभुक्त राहा (दिवसातून एकदाच जेवा) असे नियमही आहेत. ऐंशीच्या घरातल्या, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला कुणी एकभुक्त ठेवू नये. सासूबाई सकाळी दूध-पोहे खाऊन बसतात आणि रोज जमतील तेवढ्या ओव्या वाचतात. सप्ताह त्यांनी धरलेलाच नाही. दिरांना कळवलेलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: दुकान सकाळी उशिरा उघडतं, दुपारी बंद, मंगळवारी सुट्टी. यूपीआय चालतं, पण चाचांना रोख द्या. गाडी बोळात नेऊ नका, पुलाखाली लावा. बायंडिंग दत्तजयंतीच्या आधी हवं असेल तर दिवाळीतच नेऊन टाका, मार्गशीर्ष लागला की चाचा कुणाला तारीख सांगत नाहीत. मोठ्या टायपाची गुरुचरित्राची प्रत घेताना कागद उजेडात धरून बघा आणि ४१ वा अध्याय उघडा. कानडी येत नसेल तर अण्णांना म्हणून दाखवायला सांगा, त्याचे ते पैसे घेत नाहीत.